नाकारलेला म्हणजे हरलेला नव्हे

४ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे अर्ज मागे घेण्याची मुदत संपली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या पाचही मतदारसंघांच्या अंतिम याद्या लागल्या. दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर. या पाचांत एकाही ठिकाणी कमळ नव्हतं, आणि पंजाही नव्हता. महायुतीच्या वाटपात चार जागा एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला गेल्या होत्या आणि चिपळूण अजित पवारांच्या राष्ट्रवादीला. महाविकास आघाडीच्या वाटपात चार जागा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला आणि चिपळूण शरद पवारांच्या राष्ट्रवादीला. देशातले सर्वांत मोठे दोन पक्ष, आणि अख्ख्या जिल्ह्याच्या मतदान यंत्रांवर त्यांचं चिन्हच नाही. मंडणगडपासून राजापूरपर्यंत ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं एकाच चिन्हाखाली पत्रकं वाटली, भिंती रंगवल्या, चाकरमान्यांच्या गाड्यांची सोय केली, त्यांना त्यांच्याच जिल्ह्यात आपल्या पक्षाला मत देता आलं नाही.

त्या यादीत राजापूरला एक नाव होतं, अविनाश लाड. २०१९ ला ते तिथूनच पंजावर लढले होते आणि शिवसेनेच्या राजन साळवींकडून हरले होते. २०२४ ला आघाडीत ती जागा त्याच साळवींना सुटली. म्हणजे ज्याच्याविरुद्ध पाच वर्षांपूर्वी दारोदार मतं मागितली, त्याच्याचसाठी आता मतं मागायची. लाड अपक्ष उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नावामागे ‘बंडखोर’ हे विशेषण लागलं.

अशा प्रत्येक निवडणुकीनंतर एक मागणी पुन्हा वर येते. वकिलांकडून येते, जुन्याजाणत्या कार्यकर्त्यांकडून येते, पडलेल्या अधिकृत उमेदवारांकडून तर येतेच. मागणी अशी: पक्षाकडे ज्याने उमेदवारी मागितली आणि ज्याला ती मिळाली नाही, त्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून उभं राहायला कायद्यानेच बंदी घाला. दाखला अमेरिकेचा दिला जातो. तिथे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत हरलेल्याला नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत पुन्हा उभं राहू देत नाहीत, मग आपणच का हा तमाशा चालू द्यायचा?

या मागणीला माझा ठाम विरोध आहे. ती करणाऱ्यांत माझ्या आदराची माणसं आहेत, म्हणूनच तिचं उत्तर नीट द्यायला हवं.

आधी अमेरिकेचाच दाखला घेऊ. तिथल्या बहुतेक राज्यांत असा कायदा आहे, हे खरं. पण तो कायदा कुणाला लागू होतो? प्राथमिक निवडणूक तिथे सरकारी यंत्रणा घेते. दिवस जाहीर असतो, मतदान केंद्रं असतात, लाखो लोक येऊन मत देतात, मोजणी उघड होते. त्या मोजणीत जो मागे पडला, त्याला कायदा म्हणतो: तुला एक संधी मिळाली, लोकांनी तुला नको म्हटलं, आता दुसऱ्या दाराने येऊ नकोस. या म्हणण्यात न्याय आहे. आणि तरीही सगळ्या राज्यांनी ते मानलेलं नाही. कनेक्टिकटमध्ये २००६ च्या ऑगस्टमध्ये सिनेटर जो लिबरमन आपल्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत नेड लॅमाँट यांच्याकडून हरले, स्वतंत्र उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये निवडून आले. न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी २०२५ च्या जूनमध्ये झोहरान ममदानींकडून हरलेले अँड्र्यू कुओमोही नोव्हेंबरमध्ये पुन्हा उभे राहिले. त्यांना मतदारांनी दुसऱ्यांदा नाकारलं. एका ठिकाणी मतदारांनी पक्षाचा निर्णय फिरवला, दुसऱ्या ठिकाणी कायम केला. दोन्ही वेळा निकाल मतदारांनी लावला.

आता रत्नागिरीत या. गुहागर, चिपळूण किंवा राजापूर इथे कोणत्याही पक्षाच्या सभासदांनी आपला विधानसभेचा उमेदवार मत देऊन कधी निवडला आहे? कुणाची सभासद यादी प्रसिद्ध झाली, कुठे पेटी ठेवली, कुणी मोजणी केली? इच्छुकांच्या मुलाखती होतात, निरीक्षक येऊन जातात, अहवाल वर जातो. मग मुंबईत किंवा दिल्लीत बंद दाराआड यादी ठरते, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसांत कधी रात्री, कधी पहाटे अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या तरी हातात पडतो. ज्याच्या हातात पडला नाही, तो कुणाकडून हरला? किती मतांनी? या प्रश्नांना उत्तर नाही, कारण मोजायला मतंच नव्हती. त्याला नाकारलं गेलं. अमेरिकेतला कायदा हरलेल्याला अडवतो. इथे नाकारलेल्याला अडवायचं म्हणतात, आणि दाखला मात्र हरलेल्याचा देतात. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

आपल्याकडे एकदा प्रयोग झाला होता, त्याची आठवण कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत अशी प्राथमिक निवडणूक घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यात सागर मेघे आणि लातूरला दत्तात्रय बनसोडे त्यातून उमेदवार ठरले. मतदार सामान्य लोक नव्हते, पक्षाचे निरनिराळ्या पातळ्यांवरचे पदाधिकारी होते, त्यामुळे ती अर्धीच लोकशाही. तरी मतं पडली आणि मोजली गेली. दोन्ही उमेदवार लोकसभेला पडले आणि प्रयोगही तिथेच मिटला. तो चालू राहिला असता, गावपातळीवरच्या सभासदापर्यंत पोचला असता, तर आज आपण हा वाद वेगळ्या पायावर घातला असता. पक्षांनी तो मधेच सोडला. आणि आता त्या न घेतलेल्या निवडणुकीचा निकाल मात्र कायद्याने पाळायला लावा, असा आग्रह आहे.

बंदी मागणाऱ्यांचा सर्वांत जोरदार मुद्दा म्हणजे मतविभागणी. त्यासाठी आमच्या जिल्ह्यात २००९ च्या गुहागरचं उदाहरण हटकून दिलं जातं, आणि ते खरोखर वजनदार आहे. मतदारसंघांची फेररचना झाली आणि खेड मतदारसंघ नकाशावरून गेला. खेडचे आमदार रामदास कदम तेव्हा विधानसभेत विरोधी पक्षनेते होते; त्यांच्यासाठी भाजपबरोबरच्या युतीत शिवसेनेने गुहागर मागून घेतलं. गुहागर हे भाजपचं जुनं घर. आधी डॉ. तात्या नातू, मग डॉ. विनय नातू, असं ते घर बांधलं गेलेलं. विनय नातू अपक्ष उभे राहिले. युतीची मतं दोन ठिकाणी गेली, राष्ट्रवादीचे भास्कर जाधव निवडून आले आणि विरोधी पक्षनेता पडला. ‘एका माणसाच्या हट्टाने जागा घालवली,’ हे वाक्य मी तेव्हापासून ऐकतो आहे.

पण हट्ट कुणाचा होता? ज्या पक्षाने ती जागा वर्षानुवर्षं राखली, त्याच्या तिथल्या एकाही माणसाला न विचारता ती दुसऱ्या पक्षाला देण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांचा हट्ट कुणी मोजत नाही. नातूंना ज्यांनी मतं दिली ती माणसं कुणी पळवून आणलेली नव्हती. आपल्या तालुक्याचा आमदार कोण असावा याबद्दल त्यांचं एक मत होतं आणि ते त्यांनी नोंदवलं. ती मतं कदमांची होती आणि नातूंनी ‘खाल्ली’, असं म्हणताना आपण गृहीत धरतो की मत पक्षाच्या मालकीचं असतं. मत पक्षाचं नसतं. गुहागरच्या मतदाराचं असतं, आणि ते कुणाला द्यायचं हे मतदानाच्या दिवशी त्याच्याशिवाय कुणी ठरवू शकत नाही.

त्याच कथेचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. २०१४ ला युती तुटल्यावर भाजपने गुहागरला उमेदवारी दिली ती विनय नातूंनाच. आणि २००९ ला जिंकलेले भास्कर जाधव? तेही २००४ ला चिपळूणला शिवसेनेने तिकीट कापल्यावर अपक्षच उभे राहिले होते. पडले, राष्ट्रवादीत गेले, मंत्री झाले, त्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले, २०१९ ला शिवसेनेत परतले आणि आजही गुहागरचे आमदार आहेत. पक्षांनी स्वतः या बंडखोरांना परत घेतलं, पदं दिली, पुन्हा उमेदवारी दिली. ज्या गुन्ह्याची शिक्षा पक्ष स्वतःच टिकवत नाहीत, त्यासाठी संसदेने कायदा का करावा?

मतविभागणीची भीती नेहमीच खरी ठरते असंही नाही. राजापूरला २०२४ ला महायुतीचे किरण सामंत साळवींपेक्षा सुमारे २० हजार मतांनी पुढे होते. लाड यांची मतं त्या फरकापेक्षा कितीतरी कमी. तरी निकालानंतर बोटं मोडली गेली ती अपक्षाच्या नावाने.

आता समजा कायदा झालाच. काय होईल? कल्पना करायची गरज नाही, २०२४ चा ऑक्टोबर आठवला तरी पुरे. रत्नागिरीची जागा महायुतीत उदय सामंतांकडे राहणार हे स्पष्ट झाल्यावर भाजपचे माजी आमदार बाळ माने ठाकरेंच्या शिवसेनेत गेले आणि मशाल घेऊन लढले. सावंतवाडीला महायुतीच्या दीपक केसरकरांमुळे वाट बंद झालेल्या भाजपच्या राजन तेलींनीही तेच केलं. दोघेही अपक्ष नव्हते. म्हणून कुणी त्यांना बंडखोर म्हटलं नाही, आणि प्रस्तावित बंदीने त्यांच्या केसालाही धक्का लागला नसता. म्हणजे हा कायदा अशा माणसाला सांगतो: तू तुझ्या विचाराशी बांधील राहून, चिन्हाशिवाय, स्वतःच्या नावावर उभा राहायचं म्हणशील तर नाही, पण रातोरात झेंडा बदलून समोरच्या तंबूत गेलास तर खुशाल. माझा रोख बाळ मान्यांवर किंवा तेलींवर नाही, त्यांनी कायद्याने उघडी ठेवलेली वाट धरली. पण दोन वाटांपैकी अधिक प्रामाणिक कोणती, याचं उत्तर कोकणातला कुठलाही शहाणा माणूस देईल. आणि बंद करायला निघालो आहोत नेमकी तीच.

दुसरा आक्षेप घोडेबाजाराचा. १९९५ ला महाराष्ट्रात ४५ अपक्ष निवडून आले, त्यांतले बरेचसे काँग्रेसने तिकीट नाकारलेले. काँग्रेस ८० वर थांबली, शिवसेना ७३ आणि भाजप ६५. युतीला बहुमताला सात कमी पडत होते, आणि अपक्षांच्या आधारावर मनोहर जोशींचं सरकार उभं राहिलं. इंदापूरला काँग्रेसने डावललेले हर्षवर्धन पाटील अपक्ष निवडून येऊन त्या सरकारात राज्यमंत्री झाले. काँग्रेसच्या मतदाराने निवडलेला माणूस युतीच्या मंत्रिमंडळात बसला, हे तेव्हा अनेकांना टोचलं, मलाही टोचलं. या आक्षेपात तथ्य आहे हे मी मान्य करतो.

पण त्यावर कायदा आधीच आहे. घटनेला १९८५ ला जोडलेली दहावी अनुसूची सांगते की अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने नंतर कुठल्याही पक्षात प्रवेश केला तर त्याचं सदस्यत्व जातं. बाहेरून पाठिंबा द्यायला मोकळीक आहे, ती कमी करायची तर त्यावर बोलू. आणि विकलं जाणं हा अपक्षांचाच रोग असता, तर जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदारांबद्दल काय म्हणायचं? २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादीचं काय झालं? ते सगळे अधिकृत उमेदवार होते. प्रत्येकाच्या अर्जाला एबी फॉर्म जोडलेला होता. मतदारांनी ज्या चिन्हाकडे पाहून मत दिलं, ते चिन्ह कुणाचं हे मग निवडणूक आयोगात आणि कोर्टात ठरवायची वेळ आली.

तिसरं म्हणणं तज्ज्ञांचं, आणि ते अधिक गंभीर. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात अपक्षांना लोकसभेला उभं राहू देऊ नये असं सुचवलं आणि २०१५ च्या २५५ व्या अहवालात अपक्षांच्या बंदीची शिफारस पुन्हा केली. कारणं अशी की गर्दी होते, डमी उमेदवार असतात, सारख्या नावाची माणसं उभी केली जातात. गर्दीचं उदाहरण तर मराठी माणसाच्या ओळखीचं आहे. १९९६ ला बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार होते. पण ते का उभे राहिले होते? सीमाभागातल्या मराठी लोकांचं चाळीस वर्षं कुणी ऐकलं नाही, म्हणून मतपत्रिकेचंच त्यांनी निवेदन केलं. त्याला कायद्याने उत्तर दिलं ते अनामत रक्कम वाढवून आणि अपक्षाला दहा सूचक लावून. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. १९९६ ला देशभरात लोकसभेचे १३,९५२ उमेदवार होते, १९९८ ला ४,७५० राहिले. गर्दीचा प्रश्न दोन वर्षांत सुटला. तो सुटल्यानंतरही बंदी मागायची, तर कारण गर्दी नाही.

आणि त्याच १७० व्या अहवालाने पक्षांच्या अंतर्गत लोकशाहीसाठी कायद्यात तरतूद करा, असंही सांगितलं होतं. ती पानं कुणी उघडत नाही. अपक्षांवरच्या बंदीची शिफारस तेवढी सोयीने आठवते.

कायद्याच्या जाणकारांनी मला आणखी एक गोष्ट ऐकवली आहे: निवडणूक लढवणं हा मूलभूत हक्क नाही, तो संसदेच्या कायद्याने दिलेला हक्क आहे, १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाचं हेच मत आहे. बरोबर. संसद बंदी घालू शकते. ती घालावी का, हा माझा प्रश्न आहे. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. त्यांच्या अध्यक्षतेखाली मसुदा झालेल्या राज्यघटनेने आमदाराची पात्रता सांगताना नागरिकत्व आणि वय एवढंच स्वतः सांगितलं, बाकी संसदेवर सोडलं. पक्षाचा उल्लेखसुद्धा केला नाही. राजकीय पक्ष घटनेत शिरले ते १९८५ ला, पक्षांतरबंदीच्या निमित्ताने. घटनेच्या नजरेत उमेदवार आधी माणूस आहे, पक्षाचा हस्तक नंतर.

अपक्षाला कुणी फुकट सवलत देत नाही, हेही सांगायला हवं. दहा सूचक, अनामत दहा हजार, एक षष्ठांश मतं नाही मिळाली तर ती जप्त. यंत्रावर त्याचं नाव पक्षवाल्यांच्या खाली. चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. २०२४ ला ४ नोव्हेंबरला चिन्ह हातात पडलं आणि १८ ला प्रचार थांबला. राजापूरसारख्या मतदारसंघात, जिथे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला घाट उतरावा लागतो, तिथे चौदा दिवसांत एक नवं चित्र घराघरात पोचवायचं. समोरच्याचं चिन्ह पोरासोरांनाही पाठ. इतकं सोसून जो उभा राहतो आणि जिंकतो, त्याच्यामागे काहीतरी खरं असतं.

सांगलीने ते २०२४ च्या लोकसभेला दाखवलं. आघाडीत काँग्रेसची परंपरागत जागा ठाकरेंच्या शिवसेनेने चंद्रहार पाटलांना जाहीर केली. वसंतदादांचे नातू विशाल पाटील लिफाफा चिन्हावर अपक्ष उभे राहिले, भाजपच्या संजयकाका पाटलांना एक लाखाहून अधिक मतांनी हरवलं, अधिकृत उमेदवाराची अनामत गेली. निकालानंतर विशाल पाटलांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला. बंदीचा कायदा असता तर सांगलीच्या पाच लाख ७१ हजार मतदारांना जो माणूस हवा होता, तो त्यांना मिळालाच नसता. मुंबईतल्या बैठकीचा निर्णय चूक होता हे कळायला दुसरा कुठलाही मार्ग नव्हता.

आणि दार बंद केल्यावर मतदार काय करतो, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१९ ला लातूर ग्रामीणची जागा युतीत शिवसेनेला गेली. तिथे दुसऱ्या क्रमांकावर कुणी माणूस नव्हता. ‘नोटा’ होता, २७,५०० मतं घेऊन. पलूस-कडेगावला तेच घडलं, ‘नोटा’ २०,६३१. इतकी माणसं रांगेत उभी राहिली आणि आत जाऊन ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हे बटण दाबून परतली. मला हे आकडे कुठल्याही बंडखोरीपेक्षा जास्त अस्वस्थ करतात. ज्यांना अपक्ष नको आहेत, त्यांना असे मतदार हवे आहेत का?

शब्दांबद्दलही बोलतो. माघारीच्या दिवशी वर्तमानपत्रं ‘बंडोबा थंडोबा झाले’ असं छापतात. आपण वाचतो, हसतो आणि पान उलटतो. थंड कसे झाले, हे कुणी विचारत नाही. महामंडळाचं आश्वासन, विधान परिषदेचा शब्द, कधी मुलाच्या कंत्राटाची धमकी. हा व्यवहार लोकांच्या डोळ्याआड होतो. अपक्ष लढणारा माणूस आपलं भांडण निदान चव्हाट्यावर आणतो आणि त्याचा निवाडा मतदारांवर सोडतो.

पक्षाने अशा माणसाला काढून टाकावं. सहा वर्षांसाठी काढावं, कायमचं काढावं. आपली शिस्त राखण्याचा तो पक्षाचा अधिकार आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पक्षाच्या शिस्तीची वसुली करायला निवडणूक अधिकाऱ्याला बसवू नका.

आणि ज्यांना खरोखर अमेरिकेसारखा कायदा हवा आहे, त्यांना मी एक वचन देतो. गुहागरमधल्या एका तरी पक्षाने आपल्या सभासदांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. इच्छुकांकडून निकाल मान्य असल्याचं लिहून घ्यावं. शृंगारतळीला पेटी ठेवावी, सभासदांना गुप्त मत देऊ द्यावं आणि सगळ्यांसमोर मोजावं. त्यात हरलेला माणूस सही करूनही दुसऱ्या दिवशी अपक्ष अर्ज भरायला निघाला, तर त्याचा अर्ज मागे घ्यायला सांगायला मी त्याच्या दारात स्वतः जाईन. आणि त्याला अडवणारा कायदा मागणाऱ्यांच्या निवेदनावर पहिली सही माझी असेल.